एकवीस लाख टन

"नावं ब्लेडनं कापलेली आहेत," डॉ. टिपणीस म्हणाले. "तेव्हा कुठलं क्षेत्र, कुणाचं काम, हे शोधत बसू नका. गणित करा."

प्रत्येक टेबलावर एक जाडजूड फाईल येऊन पडली. एका टेबलावर दोघं जण होते. माझ्या शेजारी नाडगौडासाहेब. त्यांनी फाईल उघडली. पहिल्याच नकाशावर, डाव्या कोपऱ्यात जिथे गावाचं नाव असायचं, तिथे चौकोनी भोक होतं. नाडगौडांनी त्या भोकातून करंगळी घातली, पलीकडे निघालेली करंगळी जराशी हलवून पाहिली आणि परत काढून घेतली.

"सापडलं का काही?" मी विचारलं.

"भोक छान कापलंय," ते म्हणाले.

शहाऐंशी सालचा डिसेंबर होता. बडोद्याच्या बाहेर, आमच्या कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही चौदा जण पाच दिवसांसाठी आलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं. विषय होता, जमिनीखाली तेल किती आहे याचा अंदाज कसा काढावा आणि काढलेला अंदाज प्रामाणिकपणे कसा कळवावा. अंदाज काढण्यासाठी साडेतीन दिवस ठेवले होते, प्रामाणिकपणासाठी एक दुपार.

टिपणीस परदेशात वीस वर्षं राहून तीन वर्षांपूर्वीच कंपनीत आले होते. माणूस सज्जन. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले : सिद्ध, संभाव्य, शक्य. मग समजावून सांगितलं, की सिद्ध साठा म्हणजे जो आकडा दहातल्या नऊ वेळा तरी खरा ठरतो, निदान तेवढं तेल निघतंच. बाकीचे दोन शब्द आपल्या आशेसाठी आहेत. आशा कळवायला हरकत नाही, पण वेगळ्या रकान्यात.

नाडगौडांनी हात वर केला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस शाळेतल्यासारखा हात वर करतो याचं मला हसू आलं होतं.

"दहाव्या वेळी काय होतं?"

"दहाव्या वेळी कमी निघतं," टिपणीस म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. त्यात कुणाची चूक नसते. अंदाज बरा की वाईट हे तेल किती निघालं त्यावरून ठरवायचं नाही, त्या वेळी हातात काय माहिती होती आणि तिचं काय केलं, त्यावरून ठरवायचं."

नाडगौडांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. शब्दन् शब्द. खाली रेघ मारली.

ते वाक्य ते का उतरवत होते हे अंकलेश्वरच्या आमच्या ऑफिसात शिपायालासुद्धा सांगता आलं असतं. दर वर्षी एकतीस मार्चला प्रत्येक तेलक्षेत्राचा साठा मुख्यालयाला कळवावा लागतो आणि त्या पत्रकाखाली अधिकृत माणसाची सही लागते. सहीचा अधिकार सगळ्यांना नसतो. नाडगौडांना होता, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत. मग धनेरिया नावाचं एक क्षेत्र त्यांच्या आकड्याप्रमाणे वागलं नाही, समिती बसली, आणि त्यांची सही काढून घेतली. पगार तोच, खुर्ची तीच, काम तेच. फक्त गणित ते करायचे आणि खाली सही दुसरा करायचा. त्या दुसऱ्यांपैकी दोघांना तर गणित त्यांनीच शिकवलं होतं. ऑफिसात कुणाचा हिशेब चुकला, की पोरं म्हणायची, "काय रे, धनेरिया केलंस?" नाडगौडा समोर असले तर हळू म्हणायची. म्हणजे त्यांना ऐकू जाईल, पण ऐकू गेलं असं दाखवावं लागणार नाही, इतपत हळू.

आता नवा नियम निघाला होता : हे प्रशिक्षण जो पास होईल त्यालाच यापुढे सहीचा अधिकार. नाडगौडांनी अर्ज केला, साहेबांच्या पाठी लागले, आणि आले. एकतीस मार्चलाच ते निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या वाट्याला एकच पत्रक उरलं होतं.

"एकदाच करायची आहे रे," येताना जीपमध्ये ते मला म्हणाले होते. "घरी मिरजेला मुलानं विचारलं, की बाबा, शेवटच्या वर्षी तरी तुमचं नाव येणार का? मी म्हटलं, बघू."

मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. नाव हेमंत उकिडवे. बोलण्यात पुढे, गणितात मध्यम. सहीचा अधिकार मलाही हवा होता, पण एखाद्याला स्कूटर हवी असते तसा.

तर चौथ्या दिवशीच्या दुपारी फायली वाटून झाल्यावर टिपणीसांनी नियम सांगितले. "हे एक जुनं, बंद पडलेलं क्षेत्र आहे. फाईल मुख्यालयातून सीलबंद आली, त्यामुळे ते कोणतं हे मलाही माहीत नाही. त्या वेळच्या माणसाला जेवढी माहिती होती तेवढीच आत आहे. उद्या सकाळी दहा वाजता प्रत्येकानं सिद्ध साठ्याचा आपला एक आकडा द्यायचा. प्रत्यक्षात किती तेल निघालं ते या पाकिटात आहे. तुमचा आकडा त्याच्या वर गेला तर नापास. त्याच्या निम्म्याच्या खाली गेला तरी नापास."

"सर," नाडगौडा म्हणाले, "पहिल्या दिवशी आपण म्हणालात, की निघालं किती त्यावरून ठरवायचं नाही."

टिपणीसांनी मान डोलावली. "बरोबर आहे. पण गुण देण्याची पद्धत मुख्यालयानं ठरवली आहे. मलाही कशावर तरी गुण द्यावेच लागतात, नाही का?" मग फायलींकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढंच सांगतो, या क्षेत्रानं कंपनीला बरंच रडवलं असं मुख्यालयाच्या पत्रात आहे."

एवढं सांगितल्यावर चौदा हुशार माणसांनी काय करायचं ते केलं. आकडे झरझर खाली उतरू लागले. मागच्या बाकावरचा बोरवणकर तर म्हणाला, "मी तेलच नाही असं लिहिणार."

नाडगौडांनी पिशवीतून मखमली अस्तराची पेटी काढली. तिच्यात त्यांचा स्वतःचा प्लॅनिमीटर होता, नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायचं पितळी यंत्र. केंद्रातली यंत्रं होती, पण ती त्यांना "हात लावलेली" वाटत. तेल असलेल्या भागाच्या कडेवरून त्यांनी यंत्राची सुई अगदी सावकाश फिरवली. एकदा, मग परत, मग परत. मग खडकाच्या नमुन्यांचे तक्ते काढले आणि एकेक आकडा बोटाखाली धरून वाचत बसले. मी चाळीस मिनिटांत माझं गणित संपवलं. क्षेत्रफळ, थराची जाडी, खडकातली छिद्रं, छिद्रांतलं तेल आणि त्यातलं वर येईल तेवढं, असा सगळा गुणाकार झाला आणि सिद्ध साठा आला वीस लाख टन. टिपणीसांचं 'रडवलं' आठवून मी तो खोडला आणि सोळा केला. त्यानंतर वेळ जाईना म्हणून वहीच्या मागच्या पानावर भाषण लिहायला घेतलं.

साडेपाचला हिरवळीवर चहा असायचा. शोकसभेतली भाषणं ही माझी खासियत होती. ऑफिसात कुणाची बदली झाली की मी त्याच्यावर शोकसभेत बोलल्यासारखं बोलायचो आणि लोक पोट धरून हसायचे. त्या दिवशी मी खुर्चीवर चढलो.

"मित्रहो, ज्यांचं नाव ब्लेडनं कापलं गेलं अशा एका थोर अंदाजकर्त्याला श्रद्धांजली वाहण्यासाठी आपण जमलो आहोत. त्यांनी पाच विहिरी खणल्या. पाचही वेळा स्वतः जाऊन खाली वाकून पाहिलं. पाचही वेळा त्यांना तळाशी एक प्रसन्न चेहरा दिसला. तो आपलाच आहे, आणि तेलात एवढा स्वच्छ दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी मुख्यालयाला तार केली : साठा प्रचंड, आणि दिसायला देखणा."

बोरवणकरनं टाळ्या वाजवल्या. टिपणीससुद्धा बशी सांभाळत हसले. मी आणखी पाच मिनिटं बोललो. त्या गृहस्थांच्या पश्चात तीस किलोमीटर रिकामी पाइपलाइन आणि असंख्य बकऱ्या असा परिवार आहे वगैरे. पाइपलाइनचा नकाशा फाईलमध्येच होता.

खुर्चीवरून उतरलो तर नाडगौडा माझ्यासाठी चहाचा कप घेऊन उभे होते. तेही हसत होते.

"घसा कोरडा पडला असेल," ते म्हणाले. "चांगलं बोललास. चल, जरा फाटकापर्यंत जाऊन येऊ."

फाटकाजवळ सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. त्यातल्या एकावर ते बसले. थंडी पडायला लागली होती, त्यांनी मफलर कानांवरून घेतला.

"चारच होत्या," ते म्हणाले.

"काय चार?"

"विहिरी. तू पाच म्हणालास. पाचवीला मंजुरी मिळाली नाही. मी तीनदा मागितली होती."

मी कप ओठांपाशी नेला होता, तो तिथेच राहिला. फाईलमध्ये चार विहिरी होत्या हे खरं, मी आपलं बोलण्याच्या ओघात पाच म्हणालो होतो. पण पाचवी मागितली होती, तीनदा मागितली होती, हे फाईलमध्ये कुठेच नव्हतं.

"साहेब, हे धनेरिया आहे?"

"पहिलं पान उलटलं तेव्हाच कळलं. नकाशाला माझंच अक्षर आहे. नाव कापलं, पण अक्षर कसं कापणार?"

"मला सांगायचं होतंत. मी ते भाषण..."

"भाषणाचं सोड. बकऱ्या खऱ्या आहेत."

मग ते बोलत राहिले. मी न विचारता. धनेरियात साठ बिऱ्हाडांची वसाहत बांधली होती, शाळा काढली होती. पहिली दोन वर्षं तेल ठरल्याप्रमाणे आलं. तिसऱ्या वर्षी पूर्वेच्या बाजूनं पाणी यायला लागलं. तेही खारं, गावाच्याही कामाचं नाही. मग कळलं, की पूर्वेला खडक तुटून खाली सरकलेला आहे. जमिनीखालची चीरच, आणि तिच्या पलीकडे तेल नाहीच. मधोमध असलेल्या चार विहिरींतून ती चीर दिसणं शक्य नव्हतं. पूर्वेला पाचवी खणली असती तर दिसली असती.

"किती निघालं शेवटी?" मी विचारलं.

"नऊ लाख चार हजार टन."

"आणि तुम्ही किती कळवले होते?"

"सिद्ध एकवीस."

मी कप बाजूला पाइपवर ठेवला.

"तिथे मणिबेन म्हणून एक बाई होती," ते म्हणाले. "वसाहतीला दूध घालायची. एक दिवस मला विचारलं, साहेब, हे तेल किती वरसं चालणार? मी म्हटलं, वीस तरी. मी तिला सिद्ध आणि संभाव्य यातला फरकसुद्धा समजावून सांगितला, गुजरातीत. तिनं तीन म्हशी जास्तीच्या घेतल्या. चौथ्या वर्षी वसाहत रिकामी झाली. मी सामान आवरायला गेलो होतो तर ती दोन तांबे दूध घेऊन आली. म्हणाली, आता पिणारं कोणी नाही, तुम्हीच न्या." त्यांनी मफलर पुन्हा कानांवर ओढला. "रागावली नाही. त्याचंच जास्त वाटतं."

अशा वेळी मी कामाचं बोलतो.

"साहेब, मग झालंच की. उत्तर तुम्हाला पाठ आहे. सहा-सात लाख लिहा आणि सही घेऊन घरी चला. नऊ वर्षं त्यांनी तुमची सही ठेवून घेतली, आणि आता परीक्षेलाही तुमचीच फाईल दिली. देवानंच दिलीय म्हणा ना."

"हं," ते म्हणाले.

"लिहिणार ना?"

"लिहिणार तर. चल, जेवणाची घंटा झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा नकाशा पुन्हा काढला. सोळा लाख खोडले. पूर्वेला, नाडगौडांनी सांगितलं होतं नेमकं तिथे, एक तुटक रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं : 'भ्रंश असण्याची शक्यता, सावधगिरी म्हणून पलीकडचा भाग वगळला.' भ्रंश म्हणजे तीच ती जमिनीखालची चीर. गुणाकार नव्यानं केला. साडेसात लाख टन. फार सुंदर आकडा होता. नऊ लिहिलं असतं तर संशय आला असता.

शेजारी नाडगौडा कालच्याच तक्त्यांवर वाकले होते. दहाला पाच कमी असताना त्यांनी कागद घडी करून टिपणीसांच्या टेबलावर ठेवला. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची गरजही वाटली नाही.

टिपणीसांनी जेवणानंतर पाकीट फोडलं. "नऊ लाख चार हजार टन. आणि त्या वेळी कळवलेला सिद्ध साठा होता एकवीस लाख. तो गृहस्थ अजून नोकरीत असू शकेल, म्हणून आपण त्याच्याविषयी फार बोलायचं नाही." तो गृहस्थ दुसऱ्या रांगेत, माझ्या उजव्या हाताला, मफलरची घडी घालत बसला होता.

मग एकेकाचा आकडा वाचला गेला. अकरा, तेरा, पाच, दहा. बोरवणकर दोन लाख लिहून नापास झाला आणि त्याला ते मान्य नव्हतं. चौदापैकी पाच पास झाले.

"साडेसात लाख. श्री. उकिडवे. आणि हे बघा, नुसता आकडा नाही, यांनी पूर्वेला भ्रंशाची रेघ मारली आहे. मुख्यालयाच्या टिपणात लिहिलंय, की भ्रंश खरोखर तिथेच होता. मी हे काम तीस वर्षं करतोय, पण हे पाहून थक्क झालो. उकिडवे, पुढे या."

मी फळ्यापाशी गेलो.

"आता दुसरं टोक," टिपणीस म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "एकवीस लाख. श्री. नाडगौडा."

वर्गात कुणीतरी शीळ घातल्यासारखा श्वास सोडला. मी नाडगौडांकडे पाहिलं. ते टिपणीसांकडे पाहत होते.

"नाडगौडा, तुमचा अनुभव इथे सगळ्यांत मोठा. काल मी सूचनाही दिली होती. सगळ्यांनी आकडा कमी केला, तुम्ही अजिबात नाही. का?"

"चार विहिरींवरून एवढंच येतं, सर."

"पण उकिडव्यांना पूर्वेची शंका आली. माहिती तीच होती, नाही का? तुम्हाला का नाही आली?"

"नाही आली," नाडगौडा म्हणाले.

"उकिडवे, तुम्ही सांगा यांना. पूर्वेलाच का? कशावरून?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. नाडगौडाही. त्यांच्या पाहण्यात काही मागणं नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. मी काय सांगतो याची त्यांना खरीखुरी उत्सुकता दिसत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'सर, मला उत्तर ठाऊक होतं, त्यांनाही होतं, आणि तरीही त्यांनी ते लिहिलं नाही.' वाक्य तोंडाशी आलं होतं. त्याचं पुढे काय होईल तेही दिसत होतं. माझी सही जाईल, चौकशी होईल, कदाचित बढतीही लांबेल.

"सर," मी म्हटलं, "मला लहानपणापासून पूर्वेचा भरवसा नाही. लग्नातसुद्धा सासरची मंडळी पूर्वेकडून येणार होती, मी निम्मीच धरून पानं मांडली होती."

हशा झाला. मोठा झाला. टिपणीस चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "बसा, बसा. याला अंतःप्रेरणा म्हणतात, ती शिकवता येत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली. मी जागेवर जाऊन बसलो. नाडगौडांनी त्यांची खुर्ची थोडी सरकवून मला आत जायला जागा करून दिली.

त्या संध्याकाळी परत निघालो, तर भरूचला नर्मदेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर काय भानगड आहे ते पाहायला उतरून पुढे गेला. जीपमध्ये आम्ही दोघंच. बराच वेळ मी ट्रकच्या मागचं लिखाण वाचत बसलो होतो.

"का लिहिलंत एकवीस?" मी शेवटी विचारलं. "काल लिहिणार म्हणालात."

"लिहिणार म्हणालो, किती ते कुठे म्हणालो?"

"साहेब, चेष्टा नको."

"चेष्टा नाही रे." त्यांनी खिडकीची काच वर केली, धूर येत होता. "फाईल ओळखली ना, तेव्हा मला आनंद झाला होता. तुला खोटं वाटेल. नऊ वर्षं माझ्याकडे ही फाईल नव्हती. समितीनं नेली ती परत दिलीच नाही. मी म्हटलं, आता शोधतो. माझं काहीतरी नजरेतून सुटलं असणार. एखादा नमुना, एखाद्या विहिरीतला दाब, काहीतरी. काल अडीच तास शोधलं, आज सकाळी दोन तास शोधलं. चीर कुठे आहे हे ठाऊक असून शोधलं. मिळालं असतं तर आनंदानं सात लाख लिहिले असते. आणि मणिबेनला पत्र टाकलं असतं, की बाई, चूक माझीच होती."

"आणि मिळालं नाही."

"काही नाही रे त्यात. परत एकवीसच येतात." ते थोडा वेळ पुढच्या ट्रककडे पाहत राहिले. "नसलेलं दिसलं म्हणून लिहिलं असतं, तर त्याचा अर्थ तेव्हाही ते दिसत होतं आणि मी डोळे मिटले, असा झाला असता. माझ्याच अक्षरात. ते लोक नऊ वर्षं हेच म्हणतायत. त्यांना मी लेखी कशाला देऊ?"

"पण सही गेली."

"गेली."

मी म्हटलं, "मी वर्गात सांगायला हवं होतं."

"तुला मी ते सगळं सांगायला नको होतं," ते म्हणाले. "सोळाच बरे होते. नापास झाला असतास, पण तुझे होते. तुझी परीक्षा मी बिघडवली."

ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, एक ट्रक आडवा झालाय, तासभर तरी लागेल. नाडगौडांनी मफलर डोक्याला गुंडाळला आणि झोपले, किंवा झोपल्यासारखे दिसले.

मार्चची एकतीस तारीख आली. आमच्या विभागाची सतरा क्षेत्रं होती. तीन महिने खपून सतराचंही गणित नाडगौडांनी केलं होतं. अकराच्या सुमारास ते पत्रक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला तोवर वेगळी खोली मिळाली होती. समोर खुर्ची होती, पण ते बसले नाहीत.

"साहेब, सही," ते म्हणाले.

बडोद्याहून आल्यापासून त्यांनी मला 'अरे' म्हणणं सोडलं होतं. कुढून नव्हे, कामाची पद्धत म्हणून. सही करणाऱ्याला ते साहेबच म्हणत आले होते, नऊ वर्षं.

मी पत्रक पुढे ओढलं आणि तपासायला बसलो. दीड तास तपासलं. एखादी बेरीज तरी चुकलेली निघावी असं मला वाटत होतं, म्हणजे आमच्यात काहीतरी बरोबरीचं झालं असतं. निघाली नाही.

"बसा ना," मी म्हटलं.

"बरं आहे मला असंच."

"नाडगौडासाहेब, मी आज टिपणीसांना पत्र लिहितो. आता लिहितो. मला उत्तर आधीच कळलं होतं म्हणून."



"लिहा," ते म्हणाले. "पण मग तुमचा अधिकार जाणार. माझा काही परत येणार नाही, नियमात तशी सोय नाही, मी पाहिलंय. मग या कागदावर आज कुणाची घ्यायची? साडेपाचला टपाल जातं."

मी पेन हातात धरून बसलो होतो.

"सतरा क्षेत्रं आहेत," ते म्हणाले. "सगळे आकडे नीट आहेत. एवढं जाऊ द्या आज."

मी सही केली. कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो उचलला नाही.

"काय राहिलं?"

"तारीख."

मी तारीख घातली. त्यांनी कागद उचलला, शाई वाळली का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि तसाच दोन्ही हातांत आडवा धरून टपालाच्या टेबलाकडे गेले.

ते पत्र मी लिहिलं नाही. उद्या लिहू म्हटलं, आणि उद्यापासून नाडगौडा ऑफिसात नव्हते.

त्या पत्रकातले सतराही आकडे पुढे टिकले. एकाही क्षेत्रानं दगा दिला नाही. दहा वर्षांनी मुख्यालयानं जुनी पत्रकं ताडून पाहिली, तेव्हा सबंध कंपनीत तेवढं अचूक पत्रक दुसरं नव्हतं, आणि मला मुंबईला बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. नाडगौडासाहेब मिरजेला वारले, त्याला तोवर दोन वर्षं झाली होती. शाल घालताना अध्यक्षांनी हात हातात घेतला आणि विचारलं, "उकिडवे, एवढे बिनचूक आकडे काढता तरी कसे?"

मी म्हटलं, "मी काढत नाही, सर. मी फक्त सही करतो."

ते खूप हसले. शेजारच्या दोघांना त्यांनी तो विनोद परत सांगितला.